सुकटीतलं शिसं

मासळीच्या नुसत्या वासानं ज्यांना मळमळायचं, त्या मल्लिकार्जुन अप्पांच्याच वाट्याला मासळी तपासायचं काम आलं होतं. लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा आमची सरकारी प्रयोगशाळा भाड्याच्या दोन खोल्यांत होती. मी टंकलेखक, अप्पा तपासनीस. उदगीरचे लिंगायत, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म. नाकाला ओला रुमाल बांधून ते चिमट्यानं बोंबील उचलायचे, मधूनच मागच्या दारी जाऊन ओकायचे, चूळ भरून पुन्हा कामाला लागायचे. म्हणायचे, "मी खात न्हाई म्हणून खानाराच्या पोटात काहीबी जाऊ द्यावं का?"

त्याच सुमारास दुष्काळ पडला, तळी आटली आणि किनाऱ्याकडची सुकट ट्रकनं यायला लागली. मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका एकदा पिशवीभर सुकट घेऊन आल्या. "खाल्ली की पोरींच्या पोटात कळा येतात, अप्पा." अप्पांनी ती जाळून राख केली, राखेवर रसायनं टाकली. काचेच्या नळीत काळा साका बसला. खात्रीसाठी नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला. उत्तर आलं, शिसं आहे आणि भरपूर आहे. कारखान्यांचं पाणी जिथं खाडीत सोडतात, तिथली मासळी असणार, असं अप्पा म्हणाले.

आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांनी अहवाल वाचला तो डबा खाता खाता. बोट चाटत विचारलं, "आपल्या जिल्ह्याला समुद्र आहे का, अप्पा? मग ही फाइल आपली कशी?"

वसतिगृहातली पोती हलवली खरी, पण ती गेली औशाकडच्या खडी फोडायच्या दुष्काळी कामावर, बायकांना मजुरीत वाटायला. हे कळल्यावर अप्पा दारात जाऊन थुंकले. "पोरीला जे नको ते बाईला चालतंय व्हय? लई घाण हाय ही, बाबू. मासळीची न्हवं, मानसांची."

आम्ही दोघं एसटीनं तिथं पोचलो. अप्पांनी बायकांना शिसं म्हणजे काय ते सांगितलं. एक म्हातारी पदरातली सुकट घट्ट धरून म्हणाली, "तुमी तर खातच न्हाई, अप्पा. आमी मग काय खावं?"

अप्पांनी उरलेली पोती खड्ड्यात ओतली, वर रॉकेल टाकलं आणि पेटवून दिली. तो धूर सगळ्यांच्या अंगावर आला. बायका शिव्या देत होत्या. अप्पा मान खाली घालून उभे होते. म्हातारीनं आपली मूठ शेवटपर्यंत उघडली नाही.

चार दिवसांनी साहेबांनी मला अप्पांचं आरोपपत्र टाइप करायला दिलं. 'सरकारी खाद्यवस्तूंचा नाश' असं त्यात होतं. अप्पांनी पोच म्हणून सही करण्याआधी ते शांतपणे वाचलं आणि कागद माझ्यापुढं सरकवला.

"खाद्यवस्तू खोडा, बाबू. विष लिहा."

आतून साहेबांचा खोकला ऐकू येत होता. मी खोडलं नाही. अप्पांनी सही केली आणि माहूरच्या बदलीवर निघून गेले.