लालबागची ती दुपार

कांदा ठेचला की अजून मला लालबागची ती दुपार आठवते. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. कुडाळहून लग्न होऊन मी नुकतीच चाळीत आले होते. हे मोर्चात गेले होते. खाली पोलिसांचा अश्रुधूर आणि गोळीबार सुरू झाला, तशी सासूबाईंनी धुरावर उपाय म्हणून ओल्या फडक्यात ठेचलेला कांदा माझ्या नाकाशी धरला. गॅलरीतली सगळी दारं पटापट बंद झाली. एवढी माणसं भिंतीला भिंत लावून राहतात आणि अशा वेळी दारं लावून घेतात, हे मला नवीन होतं.

तेवढ्यात आमच्या दारावर थाप पडली.

"उघडू नको गो! हय गावासारख्या नसता," सासूबाई ओरडल्या.

मी उघडलं. एक अनोळखी तरुण रक्ताळलेलं पोट दाबून आत कोसळला. त्याचं डोकं मांडीवर घेऊन मी पाणी पाजलं.

"वयनी, गाव खंयचा?" त्यानं विचारलं.

"कुडाळ."

"माका थंयच जावचा हा," तो म्हणाला. नाव विचारायच्या आत माझ्या मांडीवरच गेला.

हे संध्याकाळी सुखरूप परतले. दार उघडू नको म्हणणाऱ्या सासूबाईंवरचा राग मात्र माझ्या मनात राहिला. पुढे एका दंगलीत माझा मुलगा बाहेर अडकला होता. दारावर थाप पडली आणि दारात कोण कोसळेल या धास्तीनं माझा हात कडीपर्यंत जाईना. त्या दुपारी सासूबाईंचाही मुलगा बाहेरच होता.