ऑपरेशनच्या आदल्या रविवारी सहा गाणी

मार्चमधला दुसरा रविवार, सकाळी साडेनऊ. हजर: दादा, वहिनी, आई आणि मी. जागा: चिकलठाण्याला, विमानतळाजवळ, दादाच्या घरातली आतली खोली.

पंखा बंद, फ्रिज बंद, रेकॉर्डिंग संपेपर्यंत कुकर नाही, विमान यायच्या आत तीन गाणी उरकायची. सगळं मी आदल्या दिवशीच लिहून काढलं होतं. मंगळवारी दादाच्या थायरॉइडच्या गाठीचं ऑपरेशन होतं. आवाजाची नस गाठीला चिकटलेली आहे, नंतर आवाज कसा राहील ते आत्ता सांगता येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. दादा वेरूळला गाइड आहे. घर त्याच्या आवाजावरच चालतं.

ही गाणीही वेरूळनंच दिली. दादा तरुण असताना त्याच्याबरोबर लेणी पाहिलेल्या एका म्हाताऱ्या अमेरिकन माणसानं जाताना कॅसेटांची पिशवी त्याच्या हातात ठेवली. गिटार आणि माउथ ऑर्गनवर म्हटलेली, तिकडच्या खेड्यापाड्यांतली गाणी. आगगाडी, तुरुंग, सोडून आलेलं घर. दादा इंग्रजी त्यातूनच शिकला, म्हणून आजही तिकडच्या शेतकऱ्यासारखं नाकातून बोलतो. मला ते गायक आवडतात, कारण ते आवाज चढवत नाहीत. घर जळाल्याचंसुद्धा आज नळाला पाणी आलं नाही अशा सुरात सांगतात. त्यातली एक गायिका मात्र ओळीच्या मध्येच आवाज मोडू द्यायची आणि पुढच्या शब्दाला उचलून घ्यायची. दादानं ती जागा वर्षानुवर्षं घोटली होती.

मी यादी वाचायला लागले. वहिनी दारातच उभी होती.

"ताई, आवाज जाणारच असं धरून चाललात का तुम्ही?"

तसं नाही, आपली खबरदारी, असं मी म्हणाले. ते मलाही पटलं नाही.

पहिली तीन गाणी नीट झाली. मग विमान उतरलं, थांबलो. चौथं त्या गायिकेचं. आवाज मोडला, पण दोन शब्द आधीच, आणि परत उचलला गेला नाही. दादानं गिटारच्या तारांवर हात ठेवला.

"ती हे मुद्दाम करायची," तो म्हणाला. "मला फुकटात जमलं."

आई हसली नाही. "लई झालं आता. पाणी पी."

पाणी पिऊन त्यानं ते परत म्हटलं, खालच्या पट्टीत. पाचवंही तसंच. सहावं वहिनीचं. लग्नानंतर त्यानं तिला पहिल्यांदा ऐकवलेलं. ती त्याला रडकं गाणं म्हणते आणि दर वाढदिवसाला म्हणायला लावते. मी फोनचं बटण दाबलं, तशी ती आत आली आणि त्याच्या शेजारी बसली.

"हे आज नको," ती त्याला म्हणाली. "दवाखान्यातून आल्यावर मला म्हणून दाखवा."

"आणि नाही जमलं तर?"

"मग न जमलेलं म्हणा. मला चालंल."

मी रेकॉर्डिंग थांबवलं. तिनं उठून फ्रिज सुरू केला.

ऑपरेशनला आता पाच आठवडे झाले. दादा कुजबुजतो. आणखी थांबा, असं डॉक्टर म्हणतात. पाच गाणी मी तिघांच्याही फोनवर पाठवून, नावं घालून ठेवली आहेत. सहावं बाकी आहे.