पट्टीचाचा

कुणी पासवर्ड टाकायला लागलं की पट्टीचाचा भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे. मुख्याधिकारी असोत की शिपाई, चाचांची पाठ सगळ्यांना सारखीच दिसायची. टकटक थांबली की विचारायचे, "झालं का? वळू का?" सायबर सुरक्षेचं प्रशिक्षण घेऊन, त्याचं प्रमाणपत्र भिंतीला टांगून बसलेला संगणक अभियंता मी होतो; पण हे मला कधी सुचलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मला त्यांचा हेवा वाटला. तो अजून गेलेला नाही, हे आधीच कबूल करतो.

आमची नगरपरिषद सोलापूरपासून एसटीने तासाभरावर. चाचा तिथल्या भवानी पेठेतून रोज यायचे. हुद्दा रेकॉर्ड विभागातल्या लिपिकाचा, घरचा धंदा बुक बाइंडिंगचा. भावाच्या दुकानात उरलेल्या काळ्या कागदाच्या पट्ट्या आणि त्या चिकटवायच्या खळीची डबी त्यांच्या पिशवीत कायम असायची. वेबसाइटवर टाकायचा कागद आला की त्यातल्या मोबाइल नंबरवर, आधारवर, बँक खात्यावर पट्टी चिकटवायची, मग त्याची झेरॉक्स काढायची आणि ती झेरॉक्स स्कॅन करायची. पट्टीवर अंगठा दाबताना वाक्य ठरलेलं, "गावाचं ते गावाला, माणसाचं ते माणसाला." रस्त्याचं काम कुणाला दिलं हे गावाचं. अर्ज करणाऱ्या कुणा शांताबाईंचा नंबर मात्र शांताबाईंचा.

मला हा पोरखेळ वाटायचा. एकदा वरून सुरक्षेचं परिपत्रक आलं, तेव्हा मी उत्साहाच्या भरात निविदा, ठराव, नळाच्या पाण्याचं वेळापत्रक सगळंच वेबसाइटवरून काढून टाकलं. आता कुठला हॅकर येतो बघू, असा माझा रुबाब. चाचा शांतपणे म्हणाले, "साहेब, चोराच्या भीतीनं दुकानाचं शटर कायमचं पाडतं का कोण? गिऱ्हाइकानं जायचं कुटं?" दुपारपर्यंत पाण्याची वेळ विचारायला खिडकीपुढे ही रांग लागली. सगळं परत टाकावं लागलं, आणि रांगेला वेळा सांगत चाचाच उभे होते. माझ्या खिडकीशी येऊन बाया विचारायच्या, "चाचा न्हाईत व्हय? मग उद्या येतो की." मी समोर बसलेलो असताना! अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मग घरकुलाची यादी आली. कुणाला घर मंजूर झालं हे गावाला दिसावं म्हणून ती वेबसाइटवर टाकायची होती. चाचांना पट्ट्या लावायला तीन दिवस लागले असते. मी म्हटलं, आता दाखवतोच. कॉम्प्युटरवरच नंबरांवर काळे चौकोन ओढले आणि तासाभरात यादी टाकली. बैठकीत मुख्याधिकाऱ्यांनी माझं नाव घेऊन कौतुक केलं. मी चाचांकडे पाहिलं. म्हटलं, एकदा तरी या माणसाचा चेहरा पडू दे. ते मनापासून हसत म्हणाले, "लई झटपट केलंत साहेब." त्यांना माझा हेवासुद्धा वाटेना, याचाच मला राग आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, माहिती अधिकाराचे अर्ज टाकण्यात तरबेज असलेले एक निवृत्त कंडक्टर आले. अर्थातच माझ्याकडे नाही, चाचांकडे. मोबाइल पुढे करून म्हणाले, "ह्ये काळं निस्तं दिसायलाच हाय. हितं बोट दाबून धरा, कॉपी करा अन् दुसरीकडं चिकटवा. नंबर हजर!"

चाचा माझ्या टेबलाशी आले, हळू आवाजात म्हणाले, "आदी यादी काढा. मग बोलू." मी काढली. म्हटलं, "आता कुणाला कळायचं कारण नाही. कंडक्टरांना तेवढं समजावा."

तेव्हा त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "नंबर त्यांचे उगडे पडले, अन् त्यांनाच सांगायचं न्हाय? चूक गावाच्या कामात झाली की. ती गावाची हाय, ती झाकायची न्हाय."

आम्ही मुख्याधिकाऱ्यांपुढे उभे राहिलो. सूचना काढायची ठरली. मी चिडून त्यात माझं पूर्ण नाव आणि हुद्दा घातला, 'यांच्याकडून चूक झाली' असं टाइप केलं आणि मुख्याधिकाऱ्यांची सही झालेला कागद चाचांच्या टेबलावर आपटला. "घ्या. झालं समाधान?" त्यांनी कागद उचलून घेतला. सूचना फलकावर त्यांनीच लावली, वेबसाइटवरही त्यांनीच टाकली. पुढे कित्येक महिने मी मागच्या दाराने ये-जा केली.

त्याच दिवशी यादीतल्या माणसांना आम्ही दोघांनी फोन केले. एक म्हातारी म्हणाली, "मगाशीच एकाचा फोन आलता, ब्यांकेतनं बोलतो म्हणून. नंबर येईल त्यो सांगा म्हणला. नातू आल्यावर सांगते म्हणलं." मी घाईघाईने म्हणालो, "आजी, कुणालाही सांगू नका." तर म्हणते, "तुमी कोण? चाचाला द्या की फोन." मी दिला. ती वाचली ती चाचांच्या हट्टामुळे. माझं ऐकलं असतं तर तिनं संध्याकाळी नातवाकडून नंबर वाचून घेऊन त्या चोराला सांगितला असता.

त्याच वर्षी चाचा निवृत्त झाले. निरोपाला अख्खं गाव लोटलं. माझ्या निरोपाला यातले किती येतील, याचा मी हार घालताना विचार करत होतो. जाताना त्यांनी खळीची डबी माझ्या टेबलावर ठेवली. "झाकण नीट लावत जावा. वाळती."

पुढे फलक रिकामा करायचं काम माझ्यावर आलं. जुन्या कागदांखाली ती सूचना निघाली. फलकावर लागल्यापासून मी ती पहिल्यांदाच पाहिली. नंबर कसे उघडे पडले, लोकांनी काय काळजी घ्यावी, सगळं अक्षरन् अक्षर होतं. माझं नाव आणि हुद्दा होता तिथे मात्र काळी पट्टी. वेबसाइटवर पाहिलं, तिथेही तेच. आणि मी मात्र गाव मला ओळखतंय असं समजून महिनोन्महिने मागच्या दाराने फिरत होतो.

आता बाया माझ्या खिडकीशीही थांबतात. पण चाचांचा हेवा ती सूचना सापडली त्या दिवशी वाटला तेवढा कधीच वाटला नाही. राहवेना म्हणून मी ती पट्टी नखाने खरवडून पाहिली. फलकावरही चाचांनी झेरॉक्सच लावली होती; काळी शाई निघाली, खाली नुसता कोरा कागद होता.