नातीचं पोट आणि माझी सवायकी

चार लेकरांचा बाप आहे मी, पण चौघांपैकी एकालाही मी कधी उचलून घेतलं नाही. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. आमच्या वेळी मोठ्या माणसांसमोर बापानं आपलंच लेकरू घेणं म्हणजे बेशरमपणा समजत. माझे वडील दिवसभर दुकानाच्या ओट्यावर बसत, रात्री अंगणात खाट टाकत, आणि नव्वद वर्षं जगले. ते गेले तेव्हा माझा धाकटा दहावीत होता. त्याला काय कडेवर घेणार?

ही गोष्ट फक्त माझ्या बायकोला माहीत होती. बाकीच्यांना मी हेच सांगत आलो की चार लेकरं वाढवली आहेत, मला शिकवू नका.

धाकट्याला मुलगी झाली. दोन महिन्यांची होईपर्यंत तिचं एक टाइमटेबल पक्कं झालं. दुपारचा एक वाजला की मुठी आवळायची, पाय पोटाशी घ्यायची आणि लालबुंद होऊन जी रडायची ती चार वाजेपर्यंत. दुकान आमच्या घराच्याच पुढच्या खोलीत. गिऱ्हाईक साखर मागायचं आणि मी मीठ बांधून द्यायचो. रोज कोणी ना कोणी नवीन औषध सांगून जायचं. माझ्याच दुकानात लेकरांच्या पोटदुखीच्या गोड पाण्याच्या बाटल्या होत्या, त्यातली एक मी दोनदा काढून घरात ठेवली आणि सुनेनं दोनदा परत आणून फळीवर ठेवली.

शेवटी आम्ही सगळे सेलूच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई माझी नात शोभेल अशी होती. तिनं पोरीला तपासलं, वजन केलं, साडेचार किलो भरलं, आणि म्हणाली, "तब्येत छान आहे. पोटात कळ येते, एवढंच. चौथा महिना लागला की आपोआप थांबतं."

"अन तोपर्यंत औषध?" मी विचारलं.

"औषध नाही. घुटी नाही, मध नाही, बाटली नाही."

एवढ्या उन्हात सेलूला आलो आणि कागद कोरा! मी तोंड उघडणार तेवढ्यात बाईनं पोरीला आपल्या हातावर पालथं घेतलं. पोट मनगटापासून कोपरापर्यंत, डोकं कोपराच्या खळग्यात एका बाजूला वळवलेलं, पाय दोन्हीकडे लोंबते. दुसरा हात पाठीवर. हळूहळू चालायचं, म्हणाली, छातीतून आवाज निघेल असं गुणगुणायचं, दूध पाजल्यावर उभं धरून ढेकर काढायची. आणि आपलाच जीव मेटाकुटीला आला तर लेकराला खाली ठेवून दोन मिनिटं बाजूला जायचं, पण गदगदा हलवायचं नाही कधीच.

"आजोबा, तुम्ही पण करून बघा. हात पुढे करा."

"मले येते मॅडम," मी म्हणालो. "चार लेकरं वाढवली म्या."

बायको शेजारीच बसली होती. ती फक्त खोकली.

अर्धा महिना गेला आणि सुनेच्या परीक्षेची तारीख आली. मास्तरकीसाठी द्यावी लागते ती परीक्षा. वर्ध्याला सेंटर, एकाच दिवशी दोन पेपर. पहिला सकाळी, दुसरा दुपारी. तिला दुसरा हवा होता, कारण त्याच्यावर मोठ्या वर्गाची मास्तरकी मिळते. पोट घेऊन अभ्यास केला होता तिनं, नंतर पोरगी खांद्यावर घेऊन केला. ही संधी गेली तर पुढची कधी येईल याचा भरवसा नव्हता. ठरलं असं होतं की आजी नातीला सांभाळेल. पण आठ दिवस आधी आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही. ती काळा चष्मा लावून खाटेवर बसली.

"राहू द्या," सून म्हणाली. "मी नाई जात."

"काऊन नाई जात?" मी म्हणालो. "मी काय मेलो काय?"

 बायकोनं काळा चष्मा माझ्याकडे वळवला. "शेजारच्या बाईले बोलवून घेऊ," ती हळूच म्हणाली.

"काई गरज नाई."

 सून म्हणाली, "ठीक आहे मामाजी. पहिला पेपर सुटल्यावर मी फोन करीन. ती रडत असली तर दुसरा सोडून येते."

मग मात्र माझी झोप उडाली. डॉक्टरीणबाईनं हात उजवा धरला होता की डावा, तेही आठवेना. दुसऱ्या दिवशी दुकानात कोणी नाही बघून मी पाच किलोची तुरीच्या डाळीची पिशवी हातावर पालथी घेतली आणि फिरू लागलो. पिशवीचं डोकं दोनदा घसरलं. तिसऱ्या फेरीला मागून आवाज आला.

"शेट, डाळीले पोटदुखी हाय का?"

दारात समोरचा सायकलवाला उभा.

"वजन पाहून राह्यलो," मी म्हणालो.

"काटा बिघडला काय?"

त्याला मी काय पाहिजे ते देऊन हाकललं, पण संध्याकाळपर्यंत चौकात सगळ्यांना डाळीची तब्येत माहीत झाली होती.

परीक्षेच्या दिवशी मुलगा सकाळीच सुनेला गाडीवर बसवून घेऊन गेला. तिनं दूध काढून ठेवलं होतं. बायको खाटेवर बसून वाटी-चमच्यानं पाजायची, मी ढेकर काढायचो. बारापर्यंत सगळं एकदम बढिया चाललं. मला वाटलं, एवढंच असते होय!

एक वाजला आणि नातीनं मुठी आवळल्या.

मी तिला उचलली. उभी धरली. आडवी धरली. खाटेवर निजवून बायकोच्या सांगण्यावरून पाय सायकलसारखे फिरवले. तिनं मलाच लाथ मारली.

"पालथी घ्या, पालथी!" बायको खाटेवरून ओरडली. "डॉक्टरणीनं दाखवलं नाई का?"

"मले माहीत हाय."

"तुमाले काय माहीत हाय ते मले माहीत हाय."

तेवढ्यात फोन वाजला.

"उचलू नको," मी म्हणालो.

"नाई उचलला तर सून गाडीवर बसूनच येईल."

फोन वाजून बंद झाला. पोरीचा आवाज असा की रस्त्यावरचं कुत्रं उठून गेलं. पुन्हा फोन येणार हे दोघांनाही माहीत होतं. मी नातीला हातावर पालथी घेतली, पण डाळ हलत नाही आणि हिचं अंग मासोळीसारखं. एका हातानं पाठ दाबून धरली आणि चालू लागलो. आता गुणगुणायचं होतं. गाण्याचं आणि माझं वाकडं. केळझरच्या भजनात मला एकदा टाळ दिले होते, तेही दुसऱ्या अभंगाला काढून घेतले.

मला चौथीपर्यंतची शाळा. पण त्या काळी पाढे होते, नुसते बे आणि तीनचे नाही, पावकी, सवायकी, दिडकी, सगळे. छडीखाली पाठ केलेले, मरेपर्यंत जात नाहीत. तोंडातून तेच निघालं.

"एक सव्वा सव्वा. बे सव्वा अडीच. तीन सव्वा पावणेचार. चाऽर सव्वा पाच."

छातीतून आवाज निघतो तो हातातून तिच्या पोटात जात असावा. माझी समजूत आहे, डॉक्टर काय म्हणेल माहीत नाही. पहिल्या फेरीला ती रडतच होती. दुसऱ्या फेरीला हुंदके देऊ लागली. तिसऱ्या फेरीला डोकं कोपरात टाकलं. थांबलो की वळवळायची, म्हणून थांबायची सोय नव्हती.

फोन वाजला. बायकोनं उचलला. "हो. पेली दूध. नाई वं, नाई रडत." मग थोडं ऐकून म्हणाली, "दुकानात नाई, इथंच हायत. पोरगी त्यांच्याच हातावर हाय. हिशेब नाई करून राह्यले, पाढे म्हणून राह्यले." पुन्हा ऐकलं. "तिचा इश्वास नाई बसत. घ्या, तुमीच बोला."

तिनं फोन माझ्या कानाला लावला.

"मामाजी, खरंच शांत आहे का ती?"

"सात सव्वा पावणेनऊ, जाय पेपरले, आठ सव्वा दहा, चिंता नको करू, नऊ सव्वा सव्वाअकरा."

 तिकडून मुलाचं हसू ऐकू आलं, आणि फोन कटला.

तेवढ्यात नातीनं एवढ्या मोठ्यानं वारा सोडला की आजी चष्म्यासकट दचकली. माझी बाही कोपरापर्यंत पिवळी झाली.

वाटलं, जिंकलो. पाच मिनिटंही झाली नसतील. तिनं पुन्हा सुरू केलं आणि मघाचं काहीच नव्हतं असं रडली. सवायकीनं ऐकेना, दिडकीनं ऐकेना. औटकीत, म्हणजे साडेतीनच्या पाढ्यात, मी सातच्या पुढे चुकलो. घरातून दुकानात, दुकानातून घरात. गिऱ्हाईक आलं की बायको आतून ओरडायची, "शेट कामात हायत!" एकदा तर डोक्यात तिडीक गेली. त्या एवढ्याशा जिवावर राग आला मला, खोटं कशाला बोलू. मी तिला झोळीत ठेवलं, आजीला झोळीजवळ बसवलं आणि ओट्यावर जाऊन लोटाभर पाणी प्यायलो. दोन मिनिटं उभा राहिलो. मग आत येऊन तिला पुन्हा उचललं. आमच्या बायकांनी हे रोज केलं आणि आम्ही ओट्यावर बसून आवाज बंद करा म्हणायचो.

चारच्या पुढे कधीतरी ती दमली. मी तिला हातावरून काढलीच नाही. हात लाकूड झाला होता, पण हलवला तर उठेल या भीतीनं तसाच खुर्चीत बसलो. बायको म्हणाली, "द्या, खाटेवर ठेवू." मी तिला नुसत्या डोळ्यांनी नाही म्हटलं.

सहाला सून आली. चप्पल काढायच्या आधीच तिनं पोरीकडे बघितलं.

"पेपर कसा गेला?" मी विचारलं.

"दुसरा चांगला गेला. लय चांगला." ती जवळ येऊन वाकली. "रडली का?"

काय उत्तर द्यायचं ते मी दुपारपासून ठरवून ठेवलं होतं. एका शब्दाचं होतं, नाई. पण तिच्या तोंडाकडे बघितलं आणि ते निघेना.

"रडली," मी म्हणालो. "तुझा फोन ठेवल्यावर जे सुरू केलं ते चारच्या पुढं."

"मग मले फोन काऊन नाई केला?"

"तू आली असती."

 तिनं माझ्या पिवळ्या बाहीकडे बघितलं. मग हात धुऊन आली, पोरीला माझ्या हातावरून हळूच उचललं आणि म्हणाली, "बरं केलं मामाजी, नाई सांगितलं ते."

ती आतल्या खोलीत गेली. मी हात सरळ करत दुकानात येऊन बसलो. एक जण तेल मागायला आला होता, त्याला डाव्या हातानं दिलं. तेवढ्यात आतून पोरीचा आवाज आला. भूक असेल, मी म्हणालो. आई आहे तिच्याजवळ, तिचं ती बघेल, आपलं काम झालं. मी उठलो नाही.

दोन मिनिटं उठलो नाही, एवढं मात्र खरं.