अण्णांचा खर्ज

बसवनगुडीत अण्णांच्या माडीवरची खोली मला मिळाली ती माझ्या आवाजामुळे. मी बेळगावहून नोकरीसाठी या मोठ्या कानडी शहरात नुकताच आलो होतो. ओळखपाळख काही न विचारता अण्णा म्हणाले, "सा लाव बघू." मी घाबरत लावला. "खर्ज बरा आहे. सामान आण."

अण्णांचं कापडाचं दुकान मुलगा बघायचा, त्यामुळे जगाचा खर्ज तपासायला अण्णांना भरपूर वेळ होता. पुढाऱ्याचं भाषण, जावयाचं हसणं, कोपऱ्यावरच्या हॉटेलातली कॉफी, सगळ्यांवर निकाल एकच, तोही अर्धा कानडीत: "सगळं सरी," म्हणजे ठीक, "पण खर्ज नाही." कॉफीत खर्ज कुठून येतो, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. रामोत्सवाच्या मैफलीत ते पहिल्या रांगेत बसत. त्यांची मान हलली की मागच्या पाच रांगांच्या माना हलत, आणि त्यात माझीही असे.

साठ सालाच्या सुमारास त्यांच्या रेडिओग्रामचा मोठा स्पीकर फाटला. कपाटाएवढी शिसवी पेटी आणि आत परातीएवढा स्पीकर. जावयाने ट्रान्झिस्टर सुचवला. अण्णांनी तो कानाशी धरला आणि म्हणाले, "डब्यात डास कोंडलाय." मग नव्या रेडिओंची पाहणी सुरू झाली. दुकानदार चार दिवस घरी ठेवायला देत. तीन रेडिओ आले आणि खर्जाअभावी तिन्ही परत गेले. शेवटी दुरुस्तीचं ठरलं.

शिवाजीनगरच्या दस्तगीर मिस्त्रीने स्पीकरला नवा कागदी पडदा बसवला, घरी आणून तो पेटीत लावला. मृदंग सुरू झाला तशी पेटीवरची पितळी लोटी थरथरायला लागली. अण्णा डोळे मिटून म्हणाले, "खर्ज नाही."

दस्तगीरने स्पीकर नेला, पुन्हा आणला. खर्ज नाही. तिसऱ्या वेळी तर खिडकीच्या काचा वाजत होत्या. अण्णा उठले आणि जमलेल्या शेजाऱ्यांना म्हणाले, "या माणसाने माझा रेडिओ कायमचा बिघडवला." दस्तगीर माझ्याकडे वळला. "आपको तो सुनाई दिया ना, साब?" मी अण्णांकडे बघितलं आणि मान नकारार्थी हलवली. आठवड्याभरात गल्लीतल्या सहा घरांनी आपापले रेडिओ त्याच्याकडून परत आणले. दुसरं गिऱ्हाईक त्याला फारसं नव्हतंच.

सहा घरांचं हे ऐकून अण्णांच्या पत्नी, अक्का, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. एरवी त्या अण्णांच्या संगीतात पडत नसत. "अहो, इकडे हात ठेवा स्वल्प," त्या म्हणाल्या आणि अण्णांचा हात धरून पेटीवर ठेवला. आत मृदंग चालू होता. हाताखाली पेटी थरथरत होती.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"दिवाळीपासून. मला वाटलं, तुम्हाला कळलं असेल."

दुसऱ्या दिवशी अण्णा बसने शिवाजीनगरला दस्तगीरच्या दुकानी जाऊन त्याची माफी मागून आले. मग दारोदार फिरले. "रेडिओ ठणठणीत आहे, माझे कान गेलेत," असं प्रत्येक घरी सांगितलं. प्रत्येक घराने त्यांना खुर्ची दिली, कॉफी दिली आणि छातीवर हात ठेवून सांगितलं, "नाही हो अण्णा, आम्हालाही खर्ज ऐकू येत नव्हता."

शेवटी ते माझ्या खोलीत आले. "आणि तुला?"

"नव्हता येत, अण्णा," मी म्हणालो. जित्याजागत्या माणसाने इतकं भित्रं असू नये, पण मी होतो.

"सरी. मग उद्या तूही चल माझ्याबरोबर कानाच्या डॉक्टरकडे."

मी गेलो, न जाऊन करतो काय? डॉक्टरांनी आधी अण्णांचे कान तपासले आणि इलाज नाही म्हणाले. मग माझे तपासले. इतके तीक्ष्ण कान महिन्याभरात पाहिले नाहीत, असं त्यांनी अण्णांच्या कानाशी वाकून मोठ्याने सांगितलं.

परत येताना अण्णा माझ्या दोन पावलं पुढे चालत होते. मला खोली सोडावी लागणार असं मी धरूनच चाललो. फाटकाशी थांबून ते म्हणाले, "मी घरी जातो. तू शिवाजीनगरची बस धर."