शेवटचं नख करंगळीचं

सावली तालुक्यातल्या एका तलावाकाठच्या गावात लग्न ठरलं, की भटजीला तारीख विचारण्याआधी सत्यशीलाबाईला विचारतात. ती मोकळी नसेल तर मुहूर्त काय कामाचा? मांडवात मंडळी नवरीकडे बघतात ती अक्षता टाकण्यापुरती. बाकी सगळं लक्ष मागच्या अंगणात. तिथं चुलीवर उलटं मडकं तापलेलं असतं आणि सत्यशीलाबाई लांबपोळ्या करत असते.

ही कणीक एवढी सैल, की नवख्या बाईच्या हाती दिली तर ती कोपरापर्यंत माखून रडकुंडीला यावी. सत्यशीला ती परातीत आपटून आपटून रबरासारखी करते. मग गोळा मनगटावर घेऊन हवेत झुलवते, या हातावरून त्या हातावर. पोळी वाढत जाते, कोपरापर्यंत लोंबते, जुन्या धोतरासारखी पातळ होते आणि अलगद मडक्यावर जाऊन पडते. लाटणं नाही, पोळपाट नाही. जे काय आहे ते बोटांत.

त्या बोटांना नखं म्हणावीत अशी कधी नव्हतीच. धान रोवून, मासोळ्या साफ करून, भांडी घासून ती पार झिजलेली. तिचा नवरा, खुशाल नावाचा, चारचौघांत सांगायचा, हिला खाज सुटली तरी मलाच बोलावते.

पुतणी दीपिकाचं लग्न ठरलं तेव्हा चामोर्शीच्या विहिणीने निरोप पाठवला होता. बाकीचा स्वयंपाक कोणीही करा, लांबपोळी तेवढी सत्यशीलाबाईच्याच हातची हवी. हा निरोप सत्यशीलाने साऱ्या गावाला ऐकवला, आणि शेजारच्या धुरपताबाईला दोनदा. धुरपताबाईही लांबपोळ्या करायची. तिच्या पोळ्या पोटभरीच्या होत्या, पण लांब म्हणायला जीभ धजत नसे. सत्यशीलाचा हात कधी ना कधी दुखेल आणि मडकं आपल्याकडे येईल, या आशेवर बाईने कितीतरी लग्नं काढली होती.

हळदीच्या संध्याकाळी नणंदेची मुलगी आचल डबा उघडून बसली. ती चंद्रपूरला पार्लरचं काम शिकून आलेली. डब्यात आयती नखं, लांबसडक, रंगीत. फोटोवाला यायच्या आत तिने घरातल्या सगळ्या पोरींच्या बोटांना ती गोंदाने चिकटवून दिली. शेवटी दहा नखांचा एकच संच उरला, शेंदरी, वर चमकी लावलेला. आचलने मामीकडे पाहिलं. मामी म्हणाली, मले काऊन, माझं वय काय, लोक काय म्हणतील. आणि हे सगळं म्हणता म्हणता तिने हात पुढे केला होता.

मग त्या संध्याकाळी सत्यशीलाने जे कधी केलं नव्हतं ते केलं. तिने नुसती बोटं दाखवून कामं सांगितली. ते पातेलं तिकडे. ही चटई इकडे. पातेलं आधीच तिकडे होतं, तरी बोट दाखवायला काय जातं? खुशाल मांडवाच्या खांबाला टेकून बायकोचे हात बघत राहिला. तेव्हा तिने भर मांडवात, सगळ्यांदेखत, त्याची पाठ खाजवून दिली. त्याने डोळे मिटले. इतक्या वर्षांच्या संसारात त्याचं एवढं कल्याण कधी झालं नव्हतं.

सकाळी चूल पेटली आणि सत्यशीलाने कणकेत हात घातला. कणीक नखांच्या आत जाऊन बसली. पहिला गोळा झुलवला तर पोळीला खिडकी पडली. दुसऱ्याला दार. तिसरा फाटून चुलीत गेला. धुरपताबाई शेजारीच उभी होती. तिने पदर खोचला.

"राहू द्या सत्यशीलाबाई," ती मायेने म्हणाली, "तुमी बसा. नखं मोडतीन."

ते सत्यशीलाला झोंबलं. तिने अंगठ्याचं नख दातात धरलं आणि ओढलं. डोळ्यांतून पाणी आलं, नख जागचं हललं नाही. खुशाल धावत जाऊन पक्कड घेऊन आला. कोणी ब्लेड सुचवलं, कोणी रॉकेल. एक म्हातारा म्हणाला, आचेवर धरा, प्लास्टिकच आहे, वितळते. एवढ्यात आचल तोंडात ब्रश तसाच ठेवून धावत आली आणि तिने आधी मामाच्या हातातली पक्कड काढून घेतली.

"मामी, वढू नको," ती म्हणाली. "वढलं त तुहं सोताचं नख बी सालीवानी निंगते. मंग कणकीत मीठ हाये. साऱ्या लग्नभर नाचत राहशीन."

आचलजवळ नेलपॉलिश काढायच्या औषधाची एक बाटली होती. ती तिने झाकण फिरवायला हातात घेतली, समोरच्या चुलीकडे पाहिलं आणि मामीला दंडाला धरून थेट गोठ्यामागे, मोहाच्या झाडाखाली नेलं. हे औषध आगीजवळ उघडलं तर भडका उडतो, हे शिकवणारीने तिच्याकडून घोकून घेतलं होतं. बाटली हलवली तर तळाशी चार थेंब. ते दोन अंगठ्यांपुरतेच होते. नखांच्या कडेची कातडी तेलाने माखून तिने औषधाचा कापूस नखावर ठेवला आणि वरून केटररकडून मागून आणलेला चमचमता कागद गुंडाळला. बाकीच्या बोटांसाठी घमेल्यात सोसेल इतकं गरम पाणी आणि त्यात शाम्पू. बोटं बुडवायची आणि बसायचं. पाणी निवलं की बदलायचं, कडेने जवसाचं तेल सोडायचं, पुन्हा बुडवायची.

बसायचं, हेच तर सत्यशीलाला येत नव्हतं. जन्मापासून तिचे हात रिकामे राहिले नव्हते. आता अंगठ्यांना चांदीच्या टोप्या, बाकी बोटं पाण्यात. तिला चहा दुसऱ्याने पाजला. नाकाला खाज सुटली तर खुशालला हाक मारावी लागली. त्याने कालच्या उपकाराची फेड म्हणून नाक इतकं मन लावून खाजवलं, की तिला शिंक आली आणि अर्धं घमेलं त्याच्या नव्या पँटवर सांडलं. आचल हसता हसता गवतावर बसली.

गोठ्यापलीकडून कणीक आपटल्याचा आवाज येत होता. सत्यशीला कान देऊन ऐकत होती. "पाणी कमी पडलं तिले," ती पुटपुटली आणि उठायला गेली. आचलने खांदा दाबून बसवलं.

मग एकेक नख सैल पडू लागलं. आचल लाकडी काडी कडेने घालून हळू हळू हलवायची. निघत नसेल तर जबरदस्ती नाही, पुन्हा पाणी. अंगठे सुटले, मधली बोटं सुटली, डावा हात मोकळा झाला. आता उजव्या करंगळीचं तेवढं राहिलं. ते मात्र काल लावताना आचलने गोंद संपवायचा म्हणून सगळा ओतला होता.

आणि रस्त्यावर बँड वाजला. वरात आली.

"अजून अर्धा घंटा त लागनच," आचल म्हणाली.

सत्यशीला उठलीच. साबणाने हात घासले, पुन्हा घासले, वास घेतला, पुन्हा घासले आणि अंगणात आली. धुरपताबाई कोपरापर्यंत कणकेत होती. मडक्यावर जे भाजत होतं त्याला ती स्वतःही काही नाव देत नव्हती. तिने जागा सोडली.

सत्यशीलाने कणकेला पाणी दाखवलं, आपटली, गोळा उचलला आणि शेंदरी करंगळी उंच उभी धरली, पोळीला लागू नये म्हणून. करंगळी वर म्हणून मनगट वळवावं लागलं. मनगट वळलं म्हणून हात फाकले. पोळी कोपर ओलांडून दंडाकडे निघाली आणि मडक्यावर पडली ती दोन्हीकडून खाली लोंबली.

विहीण मांडवातून सरळ मागे आली होती, हातात मोबाइल. तिने शूटिंग करता करता विचारलं, करंगळी अशी वर काऊन धरता? धुरपताबाई लाकडं सारायच्या निमित्ताने जवळ सरकली. सत्यशीलाने तिला सरकताना पाहिलं.

"तेच त सारं हाये, विहीणबाई," ती म्हणाली. "बाकी कणीक कोणी बी मळते."

ते नख संध्याकाळी भांडी घासताना आपसूक निघालं आणि राखेत पडलं. आचलने मामीच्या बोटांना तेल चोळून दिलं आणि महिनाभर पुन्हा हट्ट करू नको म्हणून बजावलं. हट्ट मामीने केलाच कुठे होता, हे कोणी विचारलं नाही.

त्यानंतर त्या भागात किती लग्नं झाली. चामोर्शीकडच्या पोरीही आता करंगळी वर करूनच पोळी झुलवतात. धुरपताबाई तर एवढी ताठ धरते, की कोणाच्या डोळ्यात जाईल अशी भीती वाटते. पण खरं सांगायचं तर तिच्या पोळ्या आता कोपराच्या पुढे जातात, आणि हे बघून सत्यशीलाला झोप येत नाही.