हौशाचा पत्रा

नव्वद सालाच्या आसपासचा उन्हाळा. धुळ्यात, देवपूरच्या पांजरपोळाच्या आवारात मी ऑइलपेंटचा डबा घेऊन बसले होते आणि समोर नव्या पत्र्यांची थप्पी होती...

पांजरपोळ म्हणजे म्हातारी, लंगडी, कुणालाच नकोशी झालेली जनावरं सांभाळायची जागा. शेड जुनी, वासे किडलेले. पावसाळ्याआधी छप्पर झालं नाही तर सगळी जनावरं जळगावकडच्या एका संस्थेत पाठवायची, असं कमिटीनं ठरवून टाकलं होतं.

कमिटीचे अध्यक्ष नाना. धान्याचे व्यापारी, माणूस मोठा खटपट्या. त्यांनी गावभर वर्गणी मागितली, पण दारावरच्या नव्या कमानीला तीन दाते आले आणि छपराला एकही नाही. कमानीवर नाव कोरता येतं ना... पत्र्यावर कुठं कोरणार?

शेवटी नानांच्या पत्नीनं, अक्कांनीच तोड काढली. मंदिरातल्या पंख्यांच्या पात्यांवर देणाऱ्याचं नाव असतंच की, मग पत्र्याच्या आतल्या बाजूला का नको? झालं... 'कै. वडिलांच्या स्मरणार्थ' पत्रे यायला लागले. मी शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून नावं रंगवायचं काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं.

नालीदार पत्र्यावर अक्षर काढणं म्हणजे वैताग. काना नालीत उतरला की दिसेनासा होतो. त्यात जो तो येऊन आपल्या वडिलांचं नाव शेजारच्यापेक्षा लहान तर नाही ना, हे बघून जायचा. मला हसू यायचं, पण काम चालू ठेवलं.

तरी अर्धीच शेड झाकली. मागची बाजू, जिथं जनावरं बांधायची तीच, उघडी राहिली. रस्त्यावरून येणाऱ्याला तिथली नावं दिसत नव्हती, त्यामुळे तिथं कुणाला रस नव्हता.

एका बाजाराच्या दिवशी धुडकूआबा हातगाडीवर एक कोरा पत्रा घेऊन आले. साक्री रस्त्यावरच्या खेड्यातले शेतकरी. बैल थकला, त्याला विकायला जीव धजेना, म्हणून दोन वर्षांपूर्वी इथं आणून सोडला होता. पोळ्याला न चुकता त्याला भेटायला यायचे. जनावरं जळगावला जाणार हे त्यांच्या कानावर गेलं होतं... तिकडं गेल्यावर भेट कुठली?

मी ब्रश बुडवला आणि नाव विचारलं.

"मनं नका टाका बाई. हौशानं टाका."

माझं नको, हौशाचं टाका, असं सांगत होते; हौशा म्हणजे तो त्यांचा बैल. नाना शेजारीच उभे होते, ते गडबडले. "आबा, लोकांच्या वडिलांशेजारी बैलाचं नाव? उद्या माझ्या दुकानावर मोर्चा येईल!"

आबा जराही चिडले नाहीत. "वडीलस्ना मालेबी मान शे, नाना. पन मनं घर त्याना जीववर उभं ऱ्हायनं."

नानांनी मागच्या उघड्या बाजूकडे एकदा पाहिलं. मग मला म्हणाले, "टाका. पण मागच्या कोपऱ्यात." मी मोठ्या अक्षरात लिहिलं, 'हौशा'. खाली वर काही नाही.

पुढच्या बाजारी आणखी दोघं आले, त्याच्या पुढच्या बाजारी पाच-सहा. कुणी लाख्या बैलाचा पत्रा आणला, कुणी कपिली गाईचा. कुणी दोघांत मिळून एक. मागची बाजू अशी भरली आणि पावसाआधी शेड पुरी झाली. जनावरं कुठंही गेली नाहीत.

मोर्चा काही आला नाही. एक व्यापारी मात्र आले, मान वर करून सगळी नावं वाचली आणि माझ्याकडे तक्रार केली... त्यांच्या वडिलांपेक्षा लाख्याचं अक्षर मोठं आहे म्हणून.

त्या वर्षी पोळ्याला मी मुद्दाम गेले. आबा फडक्यात मातीच्या खापरावर भाजलेली पुरणपोळी बांधून आले होते. त्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनी मला विचारलं, "कोनता शे?" मी कोपऱ्याकडे बोट दाखवलं.

हौशा बांधलेला होता अगदी दुसऱ्या टोकाला. आबांनी त्याचं दावं सोडलं, त्याला हळूहळू चालवत अख्खी शेड ओलांडून त्या पत्र्याखाली आणलं आणि तिथं बांधलं. पुरणपोळी चारली. "आते सोतानं घर शे त्यानं," एवढंच म्हणाले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

नंतर मी कितीतरी नावं रंगवली. कमानी, पाणपोया, शाळेचे हॉल... ज्याचं नाव, तो त्याच नावाखाली निवांत रवंथ करत बसलेला मात्र मी एकदाच पाहिला.